साभार पोच आणि त्यापुढचे पान

शंकाकार : संशोधनपत्रिकेसाठी ग्रंथपरीक्षण लिहिणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे, असे वारंवार सांगितले जाते, परंतु या कर्तव्याचा जमाखर्च मांडला, तर व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. साडेतीनशे पानांचा ग्रंथ नीट वाचण्यात, त्यातील आधार पडताळण्यात आणि त्यावर दीड हजार शब्द लिहिण्यात महिना सहज जातो. एवढे करूनही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील संशोधनगुणांच्या तक्त्यात शोधनिबंधाला, ग्रंथाला, ग्रंथातील प्रकरणाला, इतकेच नव्हे तर अनुवादालाही जागा असताना परीक्षणाला मात्र रकाना नाही. ज्या कामाला गुण नाहीत ते उरल्यासुरल्या वेळात होते आणि उरल्यासुरल्या वेळाची खूण पत्रिकेच्या शेवटच्या पानांवर उमटते. ‘छपाई सुबक आहे’, ‘मुखपृष्ठ समर्पक आहे’, ‘मुद्रणदोष टाळता आले असते’ आणि ‘प्रत्येक ग्रंथालयाने संग्रही ठेवावे असे पुस्तक’ ही चार वाक्ये पुस्तक न उघडता लिहिता येतात, आणि कितीतरी परीक्षणे या चार खांबांवरच उभी असतात. त्यात मराठीचा अभ्यासव्यवहार लहान, आणि महाराष्ट्राबाहेरचा, म्हणजे रायपूरसारख्या शहरातला, त्याहून लहान. लेखक, परीक्षक, संपादक आणि उद्याच्या मुलाखतीला समोर बसणारा तज्ज्ञ हे सगळे एकाच पंगतीचे असतात. भीड ही भिकेची बहीण खरी, पण या पंगतीत भीड मोडणे कोणाला परवडते? तेव्हा रायपूरच्या अभ्यासकाने या कामात वेळ घालावाच का, हा प्रश्न उद्धटपणाचा नसून सरळ हिशेबाचा आहे.

समर्थक : हा प्रश्न रायपूरच्या नावाने विचारला गेला, हेही एक नवलच, कारण आधुनिक हिंदीतील ग्रंथपरीक्षणाच्या आरंभाचा माग काढत गेले की वाट याच मुलखात येते. जानेवारी १९०० मध्ये बिलासपूरच्या बाजूच्या पेंड्रा या आडवळणाच्या गावातून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. त्याचे संपादक माधवराव सप्रे, सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक रायपूरचे वामन बळीराम लाखे, असे तिघेही मराठी. सप्रे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक म्हणून तेथे राहिले होते. हिंदीत नव्याने छापल्या जाणाऱ्या पुस्तकांबरोबर केरकचराही साचू लागला आहे, तो साचू नये म्हणून मर्मज्ञांकडून पुस्तकांची समालोचना करवून घ्यावी, हे या मासिकाने आपल्या उद्दिष्टांतच नोंदवले होते, आणि श्रीधर पाठकांसारख्या मान्यवर कवीच्या पुस्तकांचीही तेथे सविस्तर तपासणी झाली. त्याच जानेवारीत अलाहाबादहून ‘सरस्वती’ सुरू झाले. म्हणजे मोठ्या शहरातले मासिक आणि रानातल्या गावातले मासिक एकाच महिन्यात जन्मले आणि पुस्तके पाखडण्याचे सूप रानातल्याने उचलले.

शिवाय परीक्षण हे संशोधनपत्रिकेचे शेपूट आहे, ही समजूतही उलटी आहे. पॅरिसमध्ये ५ जानेवारी १६६५ रोजी ‘जुर्नाल दे सावां’ निघाले, ते युरोपातील पहिले विद्वत्पत्र मानले जाते, आणि त्यातील बहुतेक मजकूर नव्या ग्रंथांच्या परिचयाचा व परीक्षणाचाच होता. म्हणजे विद्वत्पत्राचा मूळ पिंड परीक्षणाचा आहे; शोधनिबंधाने पुढे येऊन त्याला मागच्या पानांवर सरकवले.

शंकाकार : दाखले भारदस्त आहेत, पण त्यांचा शेवटही सांगायला हवा. ‘जुर्नाल दे सावां’चा पहिला संपादक दनी द सालो याने परखडपणे लिहिले, धर्मसत्तेचा आणि इतरांचा रोष ओढवून घेतला आणि अवघ्या १३ अंकांनंतर पत्र थांबले, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या संपादकाच्या हाती देऊन पुन्हा सुरू करावे लागले. ‘छत्तीसगढ़ मित्र’ही डिसेंबर १९०२ मध्ये बंद झाले. तीन महिने आणि तीन वर्षे, एवढेच परखड आयुष्य ज्या परंपरेच्या आद्य उदाहरणांना लाभले, तिच्याकडे अभिमानाने पाहता येईल. तिच्यावर संसार चालवता येणार नाही.

त्याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. सूप हातात आले म्हणून पाखडणाऱ्याला धान्य ओळखता येतेच असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली. मराठी ग्रंथपरीक्षणाला धार तिने दिली हे खरे, आणि ती धार हिंदीपर्यंतही पोहोचली, कारण गंगाप्रसाद अग्निहोत्री यांनी चिपळूणकरांचे निबंध ‘निबंधमालादर्श’ या नावाने हिंदीत नेले. पण त्याच ‘निबंधमाले’त जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेतला गेला तेव्हा बोट ठेवले गेले ते भाषेच्या आणि व्याकरणाच्या अशुद्धतेवर, आणि थट्टा झाली ती लेखकाच्या अधिकाराची. ‘गुलामगिरी’ १८७३ सालची. ती आज शंभराहून अधिक वर्षांनंतर अभ्यासली जाते, आणि तिच्यावरची ती टीका परीक्षकाची नजर कुठे अडली याचा पुरावा म्हणून वाचली जाते. परीक्षण म्हणजे केंद्राने परिघाची, शिष्टाने अशिष्टाची घेतलेली हजेरी, असे एका मोठ्या वर्गाला वाटत आले असेल, तर तो गैरसमज म्हणता येणार नाही.

समर्थक : हे उदाहरण मान्य आहे, आणि त्याचे वजन कमी करण्याचे कारण नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष परीक्षणाविरुद्ध नसून एका विशिष्ट चुकीविरुद्ध आहे. परीक्षकाने ग्रंथाच्या म्हणण्याशी झुंज देण्याऐवजी त्याच्या बोलीशी झुंज दिली, ही ती चूक. ती आज दाखवता येते, कारण ती उजेडात, छापून, जबाबदारी स्वीकारून केलेली होती. येथे दोन सारखी दिसणारी कामे वेगळी केली पाहिजेत. शोधनिबंध छापण्यापूर्वी संपादक तो त्या विषयातील दुसऱ्या अभ्यासकाकडे गुप्तपणे तपासायला पाठवतो, त्याला समकक्ष-परीक्षण म्हणतात. ते प्रकाशनापूर्वीचे, बहुधा निनावी आणि फक्त संपादक व लेखक यांच्या डोळ्यांसाठी असते. ग्रंथपरीक्षण त्याच्या नेमके उलट, म्हणजे प्रकाशनानंतरचे, नावानिशी केलेले आणि वाचकांसमोरचे. निनावी नकाराने एखाद्यावर अन्याय झाला तर तो बाहेर कोणाला कळतही नाही. सहीच्या परीक्षणाने केलेला अन्याय मात्र दीडशे वर्षांनीही परीक्षकाच्या नावावर राहतो. पारखणाऱ्यालाही पारखता येते, हे या प्रकाराचे खरे बळ आहे.

आणि म्हणण्याशी झुंज कशी द्यावी याचा नमुनाही महाराष्ट्रातच सापडतो. श्रीपाद अमृत डांगे यांचा प्राचीन भारतावरील इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये निघाला, तेव्हा दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या ‘ॲनल्स’मध्ये त्याचे परीक्षण केले. डांगे आणि कोसंबी दोघेही मार्क्सवादी विश्लेषण मानणारे. तेव्हा आपल्या माणसाची पाठ थोपटणे सोपे होते. कोसंबींनी उलट केले. ग्रंथातील तपशिलाच्या चुका, साधनांचा सैल वापर आणि उतावीळ निष्कर्ष त्यांनी कठोरपणे उघडे केले, आणि त्याच वेळी पद्धत आणि पद्धतीचा वापर यांत फरक करून, वापर चुकला म्हणून पद्धत बाद होत नाही, हेही सांगितले. ग्रंथ पडला तरी विषय उभा राहिला. परीक्षण यापेक्षा अधिक काय करू शकते?

शंकाकार : कोसंबींचे उदाहरण देताना त्यांच्या पायाखालची जमीनही पाहायला हवी. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. भारतविद्येच्या क्षेत्रात त्यांना कोणाकडून नेमणूक, बढती किंवा शिफारसपत्र नको होते. परखडपणा हा पुष्कळदा स्वभावाचा गुण नसून ज्याला धक्का लागणार नाही अशा जागेचा गुण असतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, काम करणाऱ्या तरुण अध्यापकाने तेच केले तर ते हात दाखवून अवलक्षण ठरते.

दुसरी अडचण उत्तराची. परीक्षणाचा न्याय एकतर्फी असतो. परीक्षक बोलतो आणि ग्रंथकार गप्प बसतो. याला अपवाद ठरलेले उदाहरण जवळचेच आहे. रायपूरपासून सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकवत असत. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत, आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील कवी व समीक्षक, असे ते कुटुंब. हिंदी कवी दिनकर यांच्या ‘उर्वशी’ या काव्यावर भगवतशरण उपाध्याय यांनी हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात प्रखर टीका केली, तेव्हा त्या मासिकाने तो विषय तेथेच मिटवला नाही. अनेक लेखकांची मते मागवून छापली आणि मुक्तिबोधही त्या चर्चेत उतरले. एका परीक्षणाभोवती वादसभा भरली. आजच्या किती पत्रिका ग्रंथकाराला किंवा तिसऱ्या पक्षाला दोन पाने देतात? उत्तराला जागा नसेल तर परीक्षण हा संवाद नसून निकालपत्र आहे, आणि निकालपत्र द्यायला त्या तरुण अध्यापकाला कोणी नेमले?

समर्थक : उत्तराला जागा हवी, हे सर्वस्वी मान्य. निकालपत्राबद्दल मात्र वेगळे म्हणता येईल. परीक्षण निकालपत्रासारखे वाटते, कारण ते लिहिण्याची रीत शिकवली जात नाही. शिकवली तर त्यातील निकालाचा भाग किती लहान आहे हे दिसेल. मराठीत या कामाच्या निरनिराळ्या पायऱ्यांना निरनिराळे शब्द आहेत. पुस्तक मिळाल्याची नुसती नोंद म्हणजे ‘पोच’. पत्रिकेच्या शेवटी ‘साभार पोच’ या मथळ्याखाली नावांची जी यादी असते ती हीच. पुस्तकात काय आहे ते सांगणे हा ‘परिचय’, कसे वाटले ते सांगणे हा ‘अभिप्राय’, आणि पुस्तक जे सिद्ध करू म्हणते ते त्याने सिद्ध केले का हे दाखवणे म्हणजे ‘परीक्षण’. पुष्कळदा पहिल्या तीन पायऱ्यांवर थांबलेले लेखन चौथीच्या नावाखाली छापले जाते. परीक्षणाविषयीचा निम्मा राग तेथून येतो.

चौथ्या पायरीसाठी प्रतिभेपेक्षा शिस्त लागते. परीक्षण लिहिण्याआधी संपादकाला दोन ओळींचे पत्र पाठवून पुस्तक आधीच कोणाकडे दिलेले नाही ना, हे विचारावे, कारण अनेक पत्रिका न मागवलेले परीक्षण स्वीकारत नाहीत. लेखकाशी नाते, सहलेखन, गुरुशिष्यपण किंवा उघड वाद असेल तर ते त्याच पत्रात सांगावे. संपादकाने तरीही काम सोपवले तर जबाबदारी वाटली जाते. शीर्षभागी ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती, पृष्ठे आणि किंमत असावी. किंमत हा किरकोळ तपशील नसून वाचकाच्या खिशाची दखल आहे. मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा, कारण जुन्या टंकातली फाईल संपादकाच्या संगणकावर उघडली की जोडाक्षरे फुटतात आणि ‘तत्त्व’ हा शब्द ओळखू येत नाही. मग मुख्य भाग. पहिल्या परिच्छेदात ग्रंथाचे प्रतिपादन असे मांडावे की ग्रंथकाराने ते वाचून ‘होय, हेच म्हणायचे होते’ असे म्हणावे. आपल्या शास्त्रपरंपरेत खंडनाआधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्या पूर्ण बळानिशी मांडण्याची रीत आहे. परीक्षणाचा पहिला परिच्छेद हा तो पूर्वपक्ष होय. प्रत्येक दोषाला पृष्ठांक जोडावा, आणि पृष्ठांक देता येत नाही तो दोष बहुधा परीक्षकाच्या मनातला समजावा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोसलेकालीन छत्तीसगढातील शेतसारा या विषयावरचा ग्रंथ परीक्षणासाठी आला आहे, असे समजावे. ‘लेखकाने अत्यंत परिश्रमपूर्वक साधने जमवली आहेत’ हे वाक्य कोणत्याही ग्रंथाला बसते, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी असे लिहिता येते : शेतसाऱ्याचे तिसरे प्रकरण दोन अहवालांवर उभे आहे, एक १८२० चा मेजर ॲग्न्यू यांचा आणि दुसरा रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचा, १८६९ चा, ह्यूइट यांचा. पहिला लिहिणारा भोसल्यांच्या वतीने छत्तीसगढचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी. दुसरा अहवाल १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर पंधरा वर्षांनी तयार झालेला. भोसल्यांच्या दप्तरातील एकाही मोडी कागदाचा उल्लेख तळटिपांत नाही. तेव्हा ग्रंथात दिसतो तो भोसलेकालीन शेतसारा नसून इंग्रज अधिकाऱ्याला दिसलेला भोसलेकालीन शेतसारा आहे. या वाक्यांत ग्रंथकाराचा अपमान नाही आणि स्तुतीही नाही. वाचकाला मात्र ग्रंथ कोठवर धरून चालता येईल हे कळते, आणि पुढच्या संशोधकाला काम कोठून सुरू करायचे तेही कळते. याला निकाल म्हणण्यापेक्षा वाटेवर रोवलेला मैलाचा दगड म्हणावे.

शंकाकार : उदाहरण मोहक आहे, म्हणूनच त्यातला सापळा दाखवायला हवा. मोडी कागद वापरले नाहीत, असे म्हणणारा परीक्षक मोडी वाचतो काय? वाचत असेल तर त्याच्या मनात त्याने स्वतः लिहिला असता असा एक ग्रंथ तयार असतो, आणि समोरच्या ग्रंथाला तो त्या न लिहिलेल्या ग्रंथाच्या मापाने मोजतो. वाचत नसेल तर मोडीचा उल्लेख हा केवळ धाक आहे. परीक्षकांचा सर्वांत जुना रोग हाच, की पुस्तक जे आहे त्यावर न बोलता जे नाही त्यावर बोलायचे. कोणत्याही ग्रंथात नसलेल्या गोष्टींची यादी असलेल्या गोष्टींपेक्षा लांबच निघणार.

समर्थक : येथे माप ग्रंथकाराकडूनच मिळते, आणि ते प्रस्तावनेत असते. ग्रंथाने ‘भोसलेकालीन शेतसारा’ असे वचन दिले असेल, तर भोसल्यांचे कागद न पाहणे ही उणीव आहे, कारण वचन मोठे आणि भरणा अपुरा. त्याने ‘इंग्रज अहवालांतील छत्तीसगढ’ एवढेच वचन दिले असेल, तर मोडीची मागणी करणारा परीक्षक स्वतःच दोषी. न लिहिलेला ग्रंथ आणि दिलेले पण न पाळलेले वचन यांतली सीमा अशी आखता येते. परीक्षकाला मोडी येत नसेल तर तेही त्याने एका वाक्यात कबूल करावे. परीक्षणाची पत त्याने वाढते, घटत नाही.

शंकाकार : सीमा कागदावर आखता येते, हे मान्य. पण आतापर्यंतची सगळी चर्चा परीक्षकाच्या टेबलावर पोहोचलेल्या ग्रंथाविषयी झाली. जे पोहोचतच नाहीत त्यांचे काय? परीक्षणासाठी प्रकाशक दोन प्रती पाठवतो, पहिल्या पानावर ‘अभिप्रायार्थ सादर’ असा शिक्का मारून. पाठवण्याचा खर्च लहान प्रकाशकाला जड असतो, आणि २०२४ च्या अखेरीस टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टची स्वस्त सोय बंद केल्यापासून तो आणखी वाढला. रायपूरहून एखाद्या अभ्यासकाने स्वखर्चाने काढलेला ग्रंथ पुण्याच्या पत्रिकेकडे पोहोचला, तरी बहुधा साभार पोच या यादीत एका ओळीपुरता येतो आणि तेथेच थांबतो. वाईट परीक्षण हा अन्याय असेल, पण तो निदान दिसतो. न झालेले परीक्षण दिसतच नाही, आणि त्याला पृष्ठांकही नसतो. सहीने केलेली चूक दीडशे वर्षे परीक्षकाच्या नावावर राहते, असे मघाशी म्हटले गेले. पण मौनावर सही कोणाची असते?

समर्थक : हा आतापर्यंतचा सर्वांत जड आक्षेप आहे आणि त्याला पुरते उत्तर नाही. अर्धे उत्तर असे, की मौन मोडण्याची सोय ज्या जागी आहे ती जागा रायपूरच आहे. १८१८ मध्ये छत्तीसगढच्या कारभाराचे ठाणे रतनपूरहून येथे आले. पुढे १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. दोन भाषांत वाचणारी घरे येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नागपूर-पुण्यात छत्तीसगढाविषयी लिहिले जाते तेव्हा स्थानिक हिंदी आणि छत्तीसगढी साधने सुटतात. येथे हिंदीत लिहिले जाते तेव्हा मराठी साधने सुटतात. काय सुटले आहे हे ओळखू शकणारा वाचक दोन्हीकडच्या पंगतीबाहेर, मध्ये बसलेला असतो. मघाशी पंगतीची भीड सांगितली गेली. दूर असलेल्या माणसाला निदान एका पंगतीची भीड कमी. सप्र्यांच्या समालोचनेला जी तटस्थता लाभली, तिच्यामागे हिंदी ही शिकून आपलीशी केलेली भाषा होती आणि पेंड्रा हे कोणत्याही साहित्यकेंद्रापासून लांब होते, ही कारणे असावीत, असे मानायला जागा आहे.

शंकाकार : मग सप्र्यांचीच पुढची वाट पाहावी. ‘छत्तीसगढ़ मित्र’ बंद पडल्यावर त्यांनी नागपूरहून ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली, १९०७ मध्ये ‘हिंदी केसरी’ काढला, १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि त्यानंतर रायपुरात राहून त्यांनी जे मोठे काम केले ते परीक्षणाचे नव्हते. त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत नेला, टिळकांचे ‘गीतारहस्य’ नेले, चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथ नेला. १९२६ मध्ये रायपुरात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मागे अनुवादांची रांग उभी होती. दोन भाषांच्या मध्ये बसलेल्या सर्वांत समर्थ परीक्षकाने उमेदीची वर्षे संपल्यावर सूप खाली ठेवले आणि धान्य वाहून नेणे पत्करले. यातून काही शिकायचे असेल, तर ते परीक्षणाच्या बाजूचे नाही. चांगले पुस्तक ज्याला पोहोचवता येते त्याने वाईट पुस्तकांवर वेळ का घालावा?

समर्थक : आक्षेप नेमका आहे, म्हणून उत्तरही सावध हवे. शेकडो ग्रंथांतून तीन निवडणे हाही परीक्षणाचाच व्यवहार आहे. फरक एवढाच की त्यात स्वीकार बोलतो आणि नकार गप्प राहतो. वैद्यांचा ग्रंथ का निवडला हे अनुवाद सांगतो. इतर ग्रंथ का सोडले हे सांगत नाही. परीक्षण स्वीकार आणि नकार दोन्ही बोलून दाखवते आणि दोन्हींची कारणे देते. कारणे दिली की ती खोडता येतात. अनुवादाने वाचकाला ग्रंथ मिळतो. परीक्षणाने ग्रंथाशी भांडण्याचे साधन मिळते. कोणत्या भाषेला कोणत्या काळी काय अधिक हवे, हे मात्र सर्वकाळासाठी ठरवता येत नाही, आणि सप्र्यांनी आपल्या काळापुरते जे ठरवले ते चूक होते असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे असे वाटत नाही.

शंकाकार : मग मतभेद कोठे उरला ते नीट सांगता येईल. परीक्षण कठोर असावे की मवाळ, हा वाद आता राहिलेला नाही; पृष्ठांक आणि प्रस्तावनेतले वचन यांच्या आधाराने तो बराचसा मिटतो. गुण मिळतात की नाही, हाही मूळ वाद नव्हता. उद्या त्या तक्त्यात परीक्षणासाठी रकाना आला, तर ‘छपाई सुबक आहे’ हेच वाक्य गुणांसह छापले जाईल, ही भीती अधिक खरी आहे. उरलेला प्रश्न असा, की परीक्षक कोणाला बांधील आहे? ग्रंथकाराला म्हणावे तर परीक्षणाचे प्रशस्तिपत्र होते. वाचकाला म्हणावे तर तो कोणत्या भाषेतला, कोणत्या गावचा, हे ठरवावे लागते. विषयाला म्हणावे तर विषयाचा मालक कोण, हा ‘निबंधमाले’च्या काळचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

समर्थक : त्यात एक चौथा पर्याय घालावा लागेल, आणि तो अधिक अवघड आहे. परीक्षक त्या ग्रंथांनाही बांधील आहे ज्यांचे परीक्षण त्याने केले नाही. एक ग्रंथ निवडताना तो यादीतले दहा सोडतो. सोडण्याची कारणे छापण्याची पद्धत कोठेही नाही आणि सुचवली तर कोणताही संपादक तिला जागा देणार नाही. तरी मौनावर सही हवी असेल, तर ती निवडणाऱ्याचीच असली पाहिजे, एवढे तरी कबूल करावे लागते.

शंकाकार : कबुलीने सोडलेला ग्रंथ वाचला जात नाही.

समर्थक : नाही. पण पुढचा अंक हाती येईल तेव्हा साभार पोच या मथळ्याखालची ती बारीक टाइपातली यादी केवळ आभाराची म्हणून वाचता येणार नाही. पत्रिकेच्या नावावर चढलेली ती उधारी आहे. त्या यादीत रायपूरचा एखादा पत्ता असेल, आणि तो ग्रंथ वाचून त्यातले वचन व भरणा पडताळू शकणारा माणूस कदाचित त्याच शहरात, दोन गल्ल्या सोडून राहत असेल. त्याने लेखणी उचलली तर ग्रंथकार शेजारीच असल्याने भीड आडवी येईल. न उचलली तर दुसरे कोणी उचलण्याचा संभव नाही. अंतराने तटस्थता येते, असे मघाशी म्हटले होते. आणि जवळ राहणाऱ्यालाच साधने तपासता येतात, हेही खरे आहे. ही दोन्ही विधाने एकाच माणसाला लागू पडतात तेव्हा त्याने काय करावे, याचा नियम या चर्चेतून निघालेला नाही.